झोपलेल्या एचआयव्हीवर काम सुरू करताय? सेल लाइन मागवण्याआधी हे वाचून घ्या

एमएस्सी मायक्रो करून पीएचडीला लागले तेव्हा मला वाटायचं की "एचआयव्ही लेटन्सी मॉडेल" (लेटन्सी म्हणजे व्हायरसची सेलमधली झोप) ही एकच काहीतरी डबाबंद वस्तू असते, मागवली की आली, उघडली की सुरू. गाइड मॅडम म्हणाल्या जे-लॅट (लॅबमध्ये वाढवत ठेवायच्या अशा झोपाळू सेल्सची एक तयार लाइन) मागव, मी मान हलवली, आणि पुढचे आठ महिने कागदं, कस्टम, बुरशी आणि एक लाजिरवाणी हळदीची भानगड यात गेले (ती खाली सांगते). आता दर जूनमध्ये नवीन पोरं येतात आणि चहाच्या टपरीवर तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. पुण्यात बसून हे काम करायचं असेल तर काय लागतं, कुठे पाय घसरतो, एवढंच.

विषय थोडक्यात, कारण बाकी तुम्ही वाचालच. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू असलेल्या माणसाच्या रक्तात व्हायरस सापडत नाही, पण गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत परत येतो. कारण काही सीडी४ मेमरी टी सेल्सच्या (रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये तो गप्प बसलेला असतो, प्रोटीन बनवत नाही म्हणून इम्युन सिस्टिमला दिसत नाही, आणि औषधं तर वाढणाऱ्या व्हायरसवरच चालतात. १९९७ साली हे पेशंटच्या सेल्समध्ये पक्कं दाखवलं गेलं. हा साठा इतका हळू कमी होतो की निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात. आणि कल्चरमधून उठवता येणाऱ्या अशा सेल्स किती, तर १० लाख रेस्टिंग सीडी४ मध्ये अंदाजे एक. एवढी दुर्मिळ सेल पेशंटच्या रक्तातून शोधून रोज प्रयोग करणं अशक्य, म्हणून लॅबमध्ये नकली झोपाळू सेल्स लागतात. सगळी मॉडेल्स ही त्या एका सेलची सोंगं आहेत, आणि प्रत्येक सोंग कुठेतरी उघडं पडतं. कुठे ते आधी माहीत हवं.

१. आधी प्रश्न कागदावर लिहा, सेलचं नाव नंतर

हे ऐकायला प्रवचन वाटेल पण माझे तीन महिने इथेच वाया गेले. एका ओळीत लिहा, तुम्हाला नक्की काय बघायचंय. ५० कंपाउंड्स चाळून कुठलं व्हायरसला उठवतं ते बघायचंय? की व्हायरस झोपतो कसा हे बघायचंय? की उठल्यावर ती सेल मरते का, किलर टी सेल्स तिला ओळखतात का हे? की उलट, त्याला कायमचा झोपवून ठेवायचाय, ज्याला ब्लॉक अँड लॉक म्हणतात?

पहिल्या प्रश्नाला जे-लॅट उत्तम. दुसऱ्याला जे-लॅट जवळजवळ निरुपयोगी, कारण ती आधीच झोपलेली येते, झोप लागताना तुम्हाला दिसणारच नाही, त्यासाठी प्रायमरी सेल्स किंवा दोन रंगांचे रिपोर्टर व्हायरस लागतात. तिसऱ्या प्रश्नाला जे-लॅट घेतली तर व्हायव्हाला मार खाल, कारण तिच्यात नेफ जीनच्या जागी जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) बसवलंय आणि एन्व्ह (व्हायरसचं बाहेरचं आवरण बनवणारं जीन) फ्रेमशिफ्ट करून बंद केलंय, आणि किलर सेल्सपासून लपण्यात नेफचाच मोठा हात असतो. मी सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलं होतं. कमिटीतल्या एका सरांनी फक्त चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

२. कोण कोण आहे, आणि कुणाचा स्वभाव कसा

जे-लॅट: सॅन फ्रान्सिस्कोच्या एरिक व्हर्डिन यांच्या लॅबमधून २००३ मध्ये आली. जर्कट या कॅन्सरच्या टी सेल लाइनमध्ये एक जवळपास पूर्ण व्हायरस, उठला की सेल हिरवी चमकते, फ्लो सायटोमीटरवर मोजायची, संपलं. ६.३, ८.४, ९.२, १०.६, १५.४ असे क्लोन आहेत आणि प्रत्येकात व्हायरस जीनोममध्ये वेगळ्या जागी घुसलाय म्हणून प्रत्येकाची झोप वेगळी. १०.६ म्हणजे अलार्म वाजायच्या आत उठणारं पोर, थोडं टीएनएफ (सूज आणणारं एक सिग्नल प्रोटीन) दिलं की अर्ध्याहून जास्त सेल्स हिरव्या. बाकीचे आळशी. फक्त १०.६ वर काम करून "आमचं कंपाउंड भारी" म्हणू नका, किमान दोन क्लोन घ्या, त्यातला एक आळशी.

अजून एक गोष्ट जी मला दोन वर्षांनी उमगली. हे क्लोन बनवताना आधी न चमकणाऱ्या सेल्स वेगळ्या केल्या, मग त्यांना टीएनएफ देऊन ज्या चमकल्या त्या निवडल्या. म्हणजे ज्या उठू शकतात त्याच निवडून आल्यात! जे टीएनएफने उठलेच नाहीत ते तिथेच गाळले गेले. पेशंटमध्ये मात्र असे हट्टी भरपूर असतात, पूर्ण शाबूत असूनही एका झटक्यात न उठणारे, हे २०१३ साली दिसलं. तेव्हा जे-लॅटवरचा ८० टक्के आकडा बघून हुरळू नका.

एसीएच-२: टी सेल लाइन, १९८९ ची, एकच प्रोव्हायरस (सेलच्या डीएनएत बसलेला व्हायरस). यू१: यू९३७ या मोनोसाइट जातीच्या लाइनपासून, १९८७ ची, दोन प्रोव्हायरस. मोनोसाइट-मॅक्रोफेजचा प्रश्न असेल तर यू१ कामाची. दोन्हीत जीएफपी नाही, त्यामुळे मोजमाप पी२४ (व्हायरसचं एक प्रोटीन) एलायझाने किंवा आरएनएने. पण या दोघी का झोपल्यात माहितेय? व्हायरसचं टॅट हे प्रोटीन त्याच्या आरएनएच्या टार या भागाला धरून काम चालू करतं, पण एसीएच-२ मध्ये टारमध्ये म्युटेशन आहे आणि यू१ मध्ये टॅटमध्येच गडबड. म्हणजे व्हायरसचा स्वतःचा स्टार्टरच मोडका. पेशंटमधला व्हायरस बहुतांशी सेल शांत झाली, क्रोमॅटिन बंद झालं, एनएफ-कप्पा-बी सारखे जीन चालू करणारे फॅक्टर न्यूक्लियसबाहेर राहिले म्हणून झोपतो. दोन्ही झोपाच, पण एक बॅटरी उतरलेली गाडी आणि दुसरी किल्ली काढून ठेवलेली गाडी, मेकॅनिकला फरक कळायला हवा.

शिवाय या दोघींमधून खरा संसर्गजन्य व्हायरस बाहेर पडतो. जे-लॅटमधून नाही, एन्व्ह नसल्यामुळे. सेफ्टीचं सगळं गणित यावर बदलतं. आणि एसीएच-२ च्या कल्चरमध्ये व्हायरस हळूहळू आजूबाजूच्या सेल्समध्ये नव्याने घुसतो हेही २०१७ मध्ये दाखवलंय, म्हणजे ५० पॅसेज (पातळ करून नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेऱ्या) झालेली एसीएच-२ ही मूळची एसीएच-२ राहिलेली नसते. ८ई५ नावाची एक लाइन पीसीआरच्या स्टँडर्डसाठी वापरतात, तिचं बरोबर उलटं, वाढवत गेलं की काही सेल्समधून प्रोव्हायरसच हरवतो. "एका सेलला एक कॉपी" असं डोळे मिटून धरलं की सगळे आकडे चुकतात.

ओएम-१०.१, जे१.१ वगैरे अजून आहेत, पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

३. कागदपत्रं (कंटाळवाणं आहे पण हेच सगळ्यात आधी सुरू करा)

मी सेल्स येतील तेव्हा बघू म्हटलं आणि सेल्स मिळायला तयार असताना कागद नव्हते. तुमच्याकडे हे तयार हवं:

- इन्स्टिट्यूशनल बायोसेफ्टी कमिटीची, म्हणजे आयबीएससीची मंजुरी. जे-लॅट ही जेनेटिकली बदललेली लाइन आहे आणि आत एचआयव्हीचा जीनोम आहे, त्यामुळे "साध्या कॅन्सर सेल्सच आहेत" म्हणून सुटका नाही. मीटिंग महिनोन्महिने होत नाही, तारीख आत्ताच विचारून ठेवा
- बाहेरून आणताना आयात परवानगी लागते, तुमच्या केसला आरसीजीएमपर्यंत (जनुकीय बदलांच्या कामावरची केंद्राची समिती) जावं लागेल का हे आयबीएससीच्या मेंबर सेक्रेटरीला लेखी विचारा. तोंडी "चालतंय" वर जाऊ नका
- मटेरियल ट्रान्सफर अग्रीमेंट म्हणजे एमटीए, यावर तुमची नाही तर संस्थेच्या अधिकृत माणसाची सही लागते, आणि तो माणूस नेमका रजेवर असतो
- माणसाचं रक्त वापरणार असाल, अगदी तुमच्या रूममेटचं १० मिली सुद्धा, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीतला संमतीपत्राचा नमुना. मराठीतला म्हणजे वाचणाऱ्याला कळेल असा, "प्रतिरक्षा पेशींचे विलगीकरण" असला नाही
- पेशंटचं सॅम्पल असेल तर २०१७ चा एचआयव्ही कायदा वाचा, नाव-पत्ता लॅबच्या वहीत येताच कामा नये, फक्त कोड
- हिपॅटायटिस बी च्या लशीच्या तीन डोसचं रेकॉर्ड. तिसरा डोस सहाव्या महिन्यात असतो, म्हणून जॉइन झाल्या झाल्या पहिला घ्या

सेल्स कुठून आणायच्या? जर्कटसारख्या साध्या मूळ लाइनसाठी आधी विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) रिपॉझिटरीत चौकशी करा, घराजवळ आहे, ड्राय आइसची भानगड कमी. जे-लॅट, एसीएच-२, यू१ हे अमेरिकेतल्या एनआयएचच्या रीएजंट प्रोग्राममधून मिळत आलेत, तिथे संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं आणि वेळ लागतो. दुसऱ्या लॅबमधून मागून आणणं सोपं पडतं, पुण्यात एचआयव्हीवर काम करणारी जुनी जागा म्हणजे भोसरीची नारी (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आता नाव बदलून ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजीचं झालंय, पण रिक्षावाल्याला नारीच सांगा), अशा ठिकाणी कुणी ओळखीचं असेल तर सल्ला जरूर घ्या. पण दुसऱ्या लॅबची व्हायल घेतली तरी एमटीए लागतोच आणि "दादा, जरा एक फ्लास्क द्या ना" करून आणलेल्या सेल्सचा पॅसेज नंबर कुणालाच माहीत नसतो. माझी पहिली जे-लॅट अशीच आली होती, फ्लास्कवर मार्करने फक्त "जेएल" लिहिलेलं. कुठला क्लोन विचारलं तर दादा म्हणाले, "बहुतेक १०.६." त्या बहुतेकवर मी दोन महिने काम केलं.

पार्सल येणार असेल तर शुक्रवारी पाठवू देऊ नका. आमचं एक पार्सल वीकेंडला वाटेत अडकून पडलं आणि हातात आला तो रिकामा थर्माकोल, आत ड्राय आइसचा नुसता थंडावा.

४. सामान

क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट (लॅमिनार फ्लो नाही, तो हवा तुमच्या तोंडावर मारतो, नावं सारखी वाटतात म्हणून नवीन पोरं फसतात), सीओटू इन्क्युबेटर, झाकणबंद बकेट असलेला सेंट्रिफ्यूज, लिक्विड नायट्रोजनची टाकी, फ्लो सायटोमीटरवर वेळ. मीडिया म्हणजे आरपीएमआय १६४०, १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ग्लुटामिन, पेन-स्ट्रेप. एफबीएसचा लॉट बदलला की झोपेची पातळी बदलू शकते, म्हणून एका लॉटच्या जास्त बाटल्या घेऊन ठेवा आणि लॉट नंबर वहीत लिहा.

काचेच्या पाश्चर पिपेट कॅबिनेटमध्ये ठेवूच नका. सुया तर नाहीच.

आणि यूपीएस. पुण्यात गुरुवारी मेन्टेनन्सला लाइट जाते हे सगळ्यांना माहीत असतं तरी गुरुवारी सकाळी सॉर्टिंग लावणारा एक तरी महाभाग दरवर्षी निघतोच.

५. सेल्स आल्या, आता पहिला आठवडा काहीही प्रयोग करायचा नाही

व्हायल ३७ डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये मिनिट-दीड मिनिट, छोटासा बर्फाचा कण उरला की बाहेर, १० मिली कोमट मीडियात हळूच, ३०० जी ला पाच मिनिटं, डीएमएसओ (गोठवताना सेल्स वाचवणारं द्रव) असलेलं वरचं पाणी फेकायचं, ताजा मीडिया. दुसऱ्या दिवशी बऱ्याच मेलेल्या दिसतील, रडू नका, जर्कट जातीच्या सेल्सना उठून बसायला चार-पाच दिवस लागतात.

मिलीला २ लाख ते १० लाख सेल्स यामध्येच ठेवा. हा नियम सगळेच सांगतात आणि सगळेच मोडतात, शनिवारी सिंहगडावर जायचं म्हणून शुक्रवारी नीट पातळ न करता ठेवायचं, सोमवारी मीडिया पिवळा धमक. जे-लॅटमध्ये याचा तोटा दुप्पट कारण गर्दीने आणि उपासमारीने सेल्स आपोआप हिरव्या व्हायला लागतात, मग बॅकग्राउंड वाढतं, मग तुमच्या औषधाचा परिणाम त्यात बुडून जातो.

वाढल्या की सगळ्यात आधी किमान १० व्हायल गोठवा, प्रयोग नंतर. ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ, व्हायलला ५० लाख ते १ कोटी सेल्स, आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात रात्रभर उणे ८०, मग नायट्रोजन. २०-२५ पॅसेजनंतर तो फ्लास्क टाकून नवीन व्हायल काढायची अशी मी माझी मर्यादा ठेवलीय. बॅकग्राउंड तरीही वाढलेलंच असेल तर सॉर्टरवर न चमकणाऱ्या सेल्स परत वेगळ्या करून घ्या, पण ते केलं असं थिसिसमध्ये लिहा.

याच आठवड्यात एसटीआर प्रोफाइल (सेलच्या डीएनएची ओळखपरेड) करून घ्या म्हणजे जर्कट ही जर्कटच आहे हे कळेल. आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारा एक बारीक जिवाणू) आहे का तेही.

मायकोप्लाझ्माबद्दल जरा थांबून सांगते. बाकी कल्चरमध्ये तो नुसता त्रास, आपल्या कामात तो खोटा निकाल देतो, कारण त्याच्या लिपोप्रोटीनमुळे टीएलआर-२ या रिसेप्टरमार्फत एनएफ-कप्पा-बी चालू होऊ शकतो आणि एचआयव्हीच्या एलटीआरला (व्हायरस चालू करणारा डीएनएचा स्विच) नेमकं तेच हवं असतं. म्हणजे तुमचा व्हायरस औषधाने नाही तर घाणीने उठतोय. मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पेन-स्ट्रेपमधल्या पेनिसिलिनला तो जुमानत नाही कारण त्याला सेल वॉलच नाही. महिन्यातून एकदा पीसीआर. सापडला तर वाचवत बसू नका, ऑटोक्लेव्ह करा आणि जुनी व्हायल काढा.

पावसाळ्यात अजून एक, जुलै-ऑगस्टमध्ये इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी येते, आमच्या लॅबमधले मामा दर सोमवारी ट्रे धुऊन ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी भरतात आणि ओले रेनकोट आत आणणाऱ्याला जाहीर झापतात. मामांशी चांगलं राहा, त्यांना सगळं माहीत असतं.

६. उठवण्याचा पहिला प्रयोग

९६ वेलची यू तळाची प्लेट, वेलला १ लाख सेल्स २०० मायक्रोलिटरमध्ये, २४ तास. पॉझिटिव्ह कंट्रोल टीएनएफ-अल्फा १० नॅनोग्रॅम प्रति मिली, किंवा पीएमए (टी सेल्स जोरात जाग्या करणारं रसायन) त्याच रेंजमध्ये, सोबत हवं तर आयोनोमायसिन १ मायक्रोमोलर. वेगळ्या वाटेने उठवणारं एक घ्या, उदाहरणार्थ व्होरिनोस्टॅट अर्धा ते एक मायक्रोमोलर, तो हिस्टोन डीअॅसिटिलेज अडवून क्रोमॅटिन मोकळं करतो, किंवा जेक्यू१ १ मायक्रोमोलर. निगेटिव्ह म्हणजे मीडिया नाही, तेवढंच डीएमएसओ घातलेला मीडिया, आणि डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आसपास. पीएमए हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, तो ट्यूमर प्रमोटर आहे.

पीएमए फक्त कंट्रोल आहे, औषध नव्हे, कारण तो माणसाच्या सगळ्याच टी सेल्स पेटवेल. म्हणून तुमच्या कंपाउंडने सीडी६९ आणि सीडी२५ (टी सेल जागी झाल्याच्या खुणा) किती वाढतात तेही निरोगी माणसाच्या सेल्सवर बघा. व्हायरस उठावा पण अख्खी आळी उठू नये.

फ्लोवर आधी डबलेट (एकमेकींना चिकटलेल्या सेल्स) काढा, मग मेलेल्या सेल्स डायने काढा, मगच हिरव्या मोजा. मेलेल्या सेल्स स्वतःच चमकतात, आणि विषारी कंपाउंड असलं की "रिअॅक्टिव्हेशन" छान दिसतं, प्रत्यक्षात तो स्मशानातला उजेड असतो. म्हणून प्रत्येक डोसला दोन आकडे लिहायचे, किती हिरव्या आणि किती जिवंत. फिक्स करायचं तर पॅराफॉर्मल्डिहाइडने, मिथेनॉल वापरलात तर जीएफपीचा प्रकाशच जातो, आमच्या एका ज्युनिअरने अख्ख्या प्लेटमध्ये शून्य टक्के आणले होते आणि व्हायरस कायमचा झोपवला म्हणून खूश होता.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर केलेले तीन, ते तीन.

७. हळदीची भानगड, म्हणजेच रिकामी जर्कट का ठेवायची

आपल्याकडे प्रत्येक लॅबमध्ये कुणीतरी वनस्पतींचे अर्क घेऊन बसलेलंच असतं. आमच्याकडे हळदीचा होता. मी सहज १०.६ वर घातला, ३१ टक्के सेल्स हिरव्या! डोस वाढवला, अजून हिरव्या. मी घरी फोन केला, बाबांनी चितळ्यांचे पेढे आणले, मॅडमनी पेटंट सेलला मेल टाकू का विचारलं. मग सीनिअर ताईंनी शांतपणे विचारलं, साध्या जर्कटवर घातलास का? घातला. साधी जर्कट, जिच्यात ना व्हायरस ना जीएफपी, तीही तितकीच हिरवी. कर्क्युमिन स्वतःच हिरव्या चॅनेलमध्ये चमकतं हो! पेढे तोवर संपले होते.

तेव्हापासून प्रत्येक प्लेटमध्ये मूळ जर्कटची एक रांग, सगळ्या डोससकट. आणि जीएफपीवर दिसलेला निकाल दुसऱ्या मार्गाने तपासायचा, व्हायरसचा आरएनए आरटी-क्यूपीसीआरने, किंवा एसीएच-२ वर पी२४. आरएनए वाढला म्हणजे प्रोटीन बनलं असंही नाही आणि सेल मेली असं तर मुळीच नाही, २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट पेशंटना दिलं तेव्हा आरएनए वाढला पण साठा काही घटला नाही.

जर्कटची अजून एक खोड, तिच्यात पीटेन हे लगाम घालणारं प्रोटीन नाही, त्यामुळे पीआय३के-एकेटीचा सिग्नलचा रस्ता कायम चालूच. त्या रस्त्याने काम करणाऱ्या कंपाउंडचा निकाल जर्कटवर आला तर दुसऱ्या जातीच्या सेलवर बघितल्याशिवाय बोलू नका.

८. सेफ्टी, ही वगळून पुढे जाऊ नका

एचआयव्ही रिस्क ग्रुप ३ मध्ये येतो. जे-लॅट साधारण बीएसएल-२ (बायोसेफ्टी लेव्हल २) मध्ये हाताळतात, पण एसीएच-२ आणि यू१ उठवायच्या म्हणजे जिवंत व्हायरस बनवायचा, त्याला बीएसएल-३ की वाढीव काळजीचं बीएसएल-२ हे तुमची कमिटी ठरवेल, तुम्ही किंवा गाइड नाही. दोन ग्लोव्ह्ज, समोरून बंद गाऊन, सेंट्रिफ्यूजची बकेट कॅबिनेटमध्येच उघडायची. कल्चरचा कचरा लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून मग पिवळ्या पिशवीत.

काही टोचलं किंवा डोळ्यात उडालं तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, डोळा असेल तर नुसत्या पाण्याने, आणि लगेच सांगा. पीईपीचा (अपघातानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची औषधं) पहिला डोस दोन तासांच्या आत घेतला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. ससूनला एआरटी सेंटर आहे, पण रविवारी रात्री आठला कुठे जायचं हे आजच तुमच्या लॅबच्या दारावर लिहून लावा. लाजेने गप्प बसणं हा सगळ्यात वाईट प्रकार, मी बघितलाय.

९. प्रायमरी सेल्स, दुसऱ्या वर्षी

निरोगी माणसाचं रक्त, फायकॉल (रक्ताचे थर वेगळे करणारं द्रव), ४०० जी ला ३० मिनिटं ब्रेक बंद करून (ब्रेक चालू राहिला तर थर विस्कटतो, एकदा सगळ्यांचंच होतं). १० मिली रक्तातून साधारण १ कोटी पीबीएमसी (टी सेल्स असलेला पांढऱ्या पेशींचा थर), त्यातून सीडी४ वेगळ्या केल्या की २०-४० लाखच उरतात. मग सीडी३/सीडी२८ बीड्सने तीन दिवस जाग्या करायच्या, इन्फेक्ट करायचं, मग दोन-तीन आठवडे शांत होऊ द्यायच्या, व्हायरस पसरू नये म्हणून मीडियात राल्टेग्राव्हिरसारखं औषध, आणि शेवटी उठवून बघायचं. या काळात अर्ध्याहून जास्त सेल्स मरतात, म्हणून सुरुवात भरपूर सेल्सनी करा. दोन रंगांचे व्हायरस, जसं एचआयव्ही-जीकेओ, यासाठी फार सोयीचे, एका रंगाने कळतं सेल इन्फेक्ट झालीय, दुसऱ्याने कळतं व्हायरस जागा आहे का.

प्रत्येक डोनरचा निकाल वेगळा येतो, एकाचा ४० टक्के तर दुसऱ्याचा ५. तीन डोनर कमीत कमी, पाच-सहा असतील तर बरं. २०१३ मध्ये बऱ्याच लॅब्सनी आपापली मॉडेल्स एकाच औषधांच्या यादीवर तपासली, तेव्हा पेशंटच्या सेल्सशी पूर्ण जुळणारं एकही मॉडेल निघालं नाही. ही गोष्ट सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर असू द्या.

तारखा मात्र कॅलेंडर बघून ठरवा. मी तीन आठवड्यांचं कल्चर गणपतीत लावलं आणि मीडिया बदलायचा दिवस आला अनंत चतुर्दशी. नारायण पेठेतून निघून गणेशखिंडला पोचायला ढोल पथकांमधून चालत वाट काढली, ग्लोव्ह्ज घातले तेव्हा गुलाल मनगटापर्यंत होता.

१०. आपला व्हायरस सी आहे, या सगळ्या लाइन्स बी

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. वर सांगितलेल्या लाइन्समध्ये बसलेला व्हायरस सबटाइप बी चा, अमेरिका-युरोपवाला. भारतातल्या पेशंटमध्ये बहुतांश सबटाइप सी. आणि फरक नेमका आपल्या कामाच्या जागी, बी च्या एलटीआरमध्ये एनएफ-कप्पा-बी च्या सहसा दोन साइट्स, सी मध्ये सहसा तीन, आणि भारतात चार साइट्सवाले सी व्हायरसही सापडलेत, बंगलोरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत उदय रंगा यांच्या ग्रुपने त्यावर बरंच काम केलंय. ज्या स्विचने व्हायरस उठतो त्या स्विचची बटणंच वेगळी, तर बी वर ठरवलेला डोस सी ला लागू होईल हे कशावरून?

म्हणजे जे-लॅट टाकून द्या असं नाही. चाळणी तिच्यावरच करा, स्वस्त आणि पटकन होते. पण जे दोन-तीन कंपाउंड्स उरतील ते सी च्या एलटीआरवर बघायचा बेत सुरुवातीलाच ठेवा. जर्कटमध्ये सी एलटीआर-टॅट-जीएफपी असा लेंटिव्हायरल रिपोर्टर घालून स्वतःची छोटी लाइन बनवता येते, दोन-तीन महिन्यांचं काम आहे, आणि ही नवीन जेनेटिकली बदललेली लाइन असल्याने त्यासाठी आयबीएससीचा वेगळा अर्ज लागतो. तो पहिल्या अर्जासोबतच टाका. मी टाकला नव्हता, पुढची मीटिंग चार महिन्यांनी झाली.